संत्रे, नागपुरी : चव, साठवण व ग्राहकांची पसंती

संत्रे, नागपुरी : (हिं. संतरा, सं. नारंग, लॅ. सिट्रस रेटिक्युलेटा, कुल–रूटेसी). विदर्भातील नागपूर व अमरावती या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या मध्य प्रदेशातील सौंसर–पांढुर्णा भागात प्रामुख्याने पिकणारा संत्र्याचा प्रसिद्ध प्रकार. मोसंबीची साल फोडींना घट्ट चिकटलेली असते, तर संत्र्याची साल सैल असून हाताने सहज सुटते. फळात साधारणपणे दहा-अकरा फोडी व सहा-सात बिया असतात. पातळ व सैल साल, भरपूर रस आणि गोडीबरोबर जाणवणारी बेताची आंबट चव ही या फळाची लक्षणे होत. नागपूर शहराला ‘संत्रानगरी’ हे नाव याच फळामुळे पडले. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकनाची नोंदणी मिळाली. काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर (जि. नागपूर) आणि वरूड, मोर्शी, अचलपूर व चांदूर बाजार (जि. अमरावती) हे तालुके लागवडीसाठी विशेष प्रसिद्ध आहेत.

एकाच बागेतील फळे सर्वांना सारखीच आवडतात असे नाही. कोणत्या बहाराचे फळ, किती पक्व असताना तोडलेले, किती दिवस व कोणत्या तापमानात ठेवलेले आणि कोणत्या ग्राहकापुढे आलेले, यांवर त्याची रुची व किंमत अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या बाजूचे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, दुसरे रघूजी भोसले यांनी औरंगाबादहून संत्र्याची रोपे आणवून ती आपल्या बागेत लावली, असे परंपरेने सांगितले जाते. राजवाड्याच्या बागेतील हे फळ पुढे आसपासच्या काळ्या जमिनीत पसरले. लोहमार्ग आल्यानंतर ते मुंबई, दिल्ली व कलकत्ता यांसारख्या दूरच्या बाजारांत जाऊ लागले. नागपूर रेल्वेस्थानकालगतचा भाग आजही ‘संत्रा मार्केट’ या नावाने ओळखला जातो. घाऊक व्यवहार पुढे कळमना येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात होऊ लागले. बागाईतदारांच्या संघटनेतून उदयास आलेले ‘नोगा’ हे नाव पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या जॅम, सरबत इ. पदार्थांवर रूढ झाले. १९८० नंतरच्या दशकात नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. हीच संस्था आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

बहार व चव : संत्र्याच्या झाडाला अनुकूल परिस्थितीत वर्षातून एकाहून अधिक वेळा फुले येऊ शकतात. सर्व बहार धरल्यास झाड थकते व फळे लहान राहतात. म्हणून बागाईतदार पाणी तोडून झाडास ताण देतो व हवा तोच बहार धरतो. जानेवारी–फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहारास ‘आंबिया बहार’ म्हणतात, कारण आंब्याला मोहोर याच सुमारास येतो. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीस येतात. मृग नक्षत्राच्या पावसावर, जून–जुलैमध्ये फुलणारा तो ‘मृग बहार’. त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात.

दोन्ही बहारांच्या फळांत स्पष्ट फरक आढळतो. आंबिया बहाराचे फळ उन्हाळा व पावसाळा झाडावर काढते. ते रसदार असते; परंतु आंबटपणा अधिक आणि पावसाळी पाण्यामुळे गोडी काहीशी पातळ असते. तोडणीच्या वेळी रात्रीचा गारवा पुरेसा नसल्यास साल हिरवट राहते. मृग बहाराचे फळ थंडीत पोसले जाते. रात्रीच्या गारव्याने सालीतील हरितद्रव्य नाहीसे होऊन कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये उठून दिसतात. फळ केशरी दिसते, गोडी वाढते व आंबटपणा बेताचा होतो. जाणकार ग्राहक त्यामुळे मृगाच्या फळांना अधिक मान देतात. या बहारास उन्हाळ्याच्या तोंडावर भावही बरा मिळतो. मात्र तो सर्वस्वी पावसाच्या आगमनावर अवलंबून असल्यामुळे पाऊस लांबल्यास किंवा ताण नीट न बसल्यास फुटतच नाही. म्हणजे अधिक रुचकर फळ हेच अधिक अनिश्चित फळ होय.

कलमासाठी वापरलेल्या खुंटाचाही चवीवर परिणाम होतो. विदर्भात जांभेरीचा खुंट पूर्वापार वापरात आहे. त्यावरील झाड जोमाने वाढते व फळ मोठे होते, परंतु साल जाड व रसातील गोडी तुलनेने कमी असण्याकडे कल असतो. रंगपूर लिंबाचा खुंट हा दुसरा पर्याय होय. काळ्या माशीच्या उपद्रवानंतर पानाफळांवर काजळीसारखा थर धरणारी ‘कोळशी’ झाडाची अन्न तयार करण्याची शक्ती कमी करते. अशा बागेतील फळे दिसण्यास काळवंडलेली व चवीस फिकी असतात.

चवीचे घटक : जिभेला जाणवणारी रुची ही मुख्यतः साखर व अम्ल यांच्या प्रमाणावर ठरते. रसातील साखर व इतर विरघळलेले पदार्थ मिळून होणाऱ्या भागास विद्राव्य घन पदार्थ म्हणतात व तो अपवर्तनांकमापकाने एका थेंबावरून मोजता येतो. संत्र्यातील प्रमुख अम्ल सायट्रिक अम्ल होय. पक्व नागपुरी संत्र्यात विद्राव्य घन पदार्थ सु. १० टक्के किंवा अधिक व अम्लता सु. ०.७ टक्के किंवा त्याहून कमी असावी, असे मानले जाते. म्हणजे दोहोंचे गुणोत्तर सु. १४ येते. गुणोत्तर बरेच कमी असल्यास फळ आंबट लागते, फार वाढल्यास ते गोड परंतु सपक लागते. निव्वळ साखर अधिक म्हणजे फळ चांगले, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

रुचीला गंधाची जोड असते. सालीतील तैलग्रंथींत लिमोनीन हे बाष्पनशील द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. साल सोलताना उडणारे बारीक तुषार त्याचेच होत. फोडीवरील पापुद्र्याचा चिवटपणा, रसकोशांचा कुरकुरीतपणा व बियांची संख्या यांवरूनही खाणारा आपले मत बनवतो.

कडवटपणा हा आणखी एक घटक आहे. ताजी फोड खाताना तो जाणवत नाही. पण रस काढून ठेवल्यास काही वेळाने तो कडू लागतो. फळाच्या पेशींत बेचव स्वरूपात असलेले एक पूर्वद्रव्य आंबट रसात मिसळल्यावर त्याचे लिमोनीन (तेलातील लिमोनीनहून निराळे, कडू द्रव्य) या पदार्थात रूपांतर होते. हा ‘विलंबित कडवटपणा’ संत्र्याच्या रसउद्योगापुढील मुख्य अडचण होय. खाण्यासाठी उत्तम असलेले हे फळ डबाबंद रसासाठी तितके सोपे ठरत नाही, याचे कारण हेच.

ताजे व साठवलेले फळ : साठवणीच्या दृष्टीने फळांचे दोन वर्ग पडतात. सफरचंद, केळे, आंबा इ. फळांत तोडणीनंतरही पिकण्याची क्रिया चालू राहते. त्यांतील स्टार्चाची साखर होते, गर मऊ होतो व गंध वाढतो. संत्र्यात साठवलेला स्टार्च नसतो. झाडावरून तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. आंबट असताना तोडलेले संत्रे अढीत घालून गोड करता येत नाही. एथिलीन वायूच्या साहाय्याने त्याची हिरवी साल केशरी करता येते, मात्र त्याने रंग बदलतो, रस बदलत नाही. ही गोष्ट ग्राहकाला ठाऊक नसल्यामुळे त्याची फसगत होते. सणासुदीच्या दिवसांत चढा भाव मिळावा म्हणून आंबियाची फळे अपक्व असतानाच तोडली जातात. हंगामाचे पहिले संत्रे आंबट निघाले, की ग्राहक पुढील काही आठवडे त्या फळाकडे पाठ फिरवतो. त्याचा तोटा वेळेवर तोडणी करणाऱ्या बागाईतदारालाही सोसावा लागतो.

तोडलेले संत्रे साध्या खोलीत आठवडा-दहा दिवस चांगले राहते. त्यानंतर साल सुकून सुरकुतते व वजन घटते. मार्च–एप्रिलच्या विदर्भीय उन्हात मृगाचे फळ याहूनही लवकर सुकते. हिरवी व निळी बुरशी (पेनिसिलियम प्रजातीतील कवके) सालीवरील जखमेतून आत शिरते. म्हणून फळ ओढून न तोडता कात्रीने, देठाची टोपी शाबूत ठेवून काढावे लागते. सालीवर मेणाचा पातळ लेप दिल्यास बाष्पीभवन कमी होते व चकाकी येते. ६°–७° से. तापमान व सु. ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या शीतगृहात फळ सु. दीड ते दोन महिने टिकते. तापमान याहून बरेच खाली नेल्यास सालीवर खड्डे व तपकिरी डाग पडतात; या विकारास शीतक्षती म्हणतात.

शीतगृहातील फळाची चव हळूहळू बदलते. श्वसनात अम्ल खर्च होते, त्यामुळे काही आठवड्यांनंतर ते पूर्वीपेक्षा गोड लागते. पण याच काळात ताजा गंध कमी होतो. मेणाचा लेप जाड असल्यास फळाला प्राणवायू पुरेसा मिळत नाही, आत एथिल अल्कोहॉल व ॲसिटाल्डिहाइड साचतात आणि फळाला आंबुस, शिळा वास येतो. मँडरीन वर्गातील फळांत हा दोष विशेष त्वरेने उद्‍भवतो. बाहेरून चकचकीत दिसणारे फळ आतून बेचव निघते ते पुष्कळदा यामुळेच.

सफरचंदाशी तुलना : नागपूरच्या फळबाजारात संत्र्याचा मोठा प्रतिस्पर्धी सफरचंद होय. ते शरद ऋतूत काश्मीर व हिमाचल प्रदेशातून ताजे येते, उन्हाळ्यात शीतगृहातून येते आणि १९९९ मध्ये आयात खुली झाल्यापासून परदेशांतूनही येते. सफरचंदाची दीर्घ साठवण नियंत्रित वातावरणाच्या पद्धतीमुळे शक्य झाली. किड व वेस्ट या केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. बंद कोठीत तापमान शून्य अंशाच्या आसपास, प्राणवायू एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान व कार्बन डाय-ऑक्साइड ठराविक प्रमाणात राखल्यास फळाचे श्वसन मंदावते आणि ते अनेक महिने टिकते. काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यातील लास्सीपोरा येथे अशी शीतगृहे मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. संत्र्यास या पद्धतीचा तितका लाभ होत नाही. त्यामुळे सफरचंद जवळजवळ बारमाही झाले आणि संत्रे हंगामीच राहिले.

साठवलेल्या सफरचंदातही रुचीचा ऱ्हास होतो. त्यातील मॅलिक अम्ल घटते, गर भुसभुशीत व रवाळ होतो. ‘रेड डेलिशस’ या प्रकाराचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट यांच्या बागेत हे झाड आढळले. त्याची कलमे सत्यानंद (सॅम्युएल) स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हिमाचलातील कोटगढ भागात लावली व तेथील अर्थव्यवस्थाच बदलली. अमेरिकेत मात्र अधिक लाल दिसणाऱ्या फांद्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्यात आली. रंग गडद झाला, साल जाड झाली, चव मागे पडली. अखेर तेथील ग्राहक कंटाळला व २०१८ मध्ये ‘गाला’ या प्रकाराने उत्पादनात रेड डेलिशसला मागे टाकले. रंगाला चवीची खूण मानून केलेली निवड दीर्घकाळात त्या फळाच्याच मुळावर येते, असे यावरून दिसते.

ग्राहकांची निवड : सदर हा नागपुरातील सिव्हिल लाइन्सलगतचा जुना बाजारपेठेचा भाग असून तेथील मंगळवारी बाजार भाजी व फळांसाठी परिचित आहे. अशा किरकोळ बाजारात फळ चाखून घेण्याची सोय क्वचितच असते; ग्राहकाला बाह्य खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. स्थानिक ग्राहक संत्रे हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो, कारण आकाराच्या मानाने जड फळ रसाळ असते. साल फार सैल व फळ पोकळ वाटल्यास ते जुने किंवा अतिपक्व समजले जाते. साल किंचित हिरवट असली तरी तो ते नाकारत नाही, कारण आंबियाचे हिरवट फळही आतून गोड असू शकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दूरच्या शहरांतील ग्राहकास हा अनुभव नसतो. तो रंग, आकार व चकाकी पाहतो. परिणामी एकाच झाडावरील फळांचे दोन भाव होतात. मोठी, केशरी फळे बाहेरगावी जातात, तर लहान फळे, ज्यांना या भागात ‘चुरी’ म्हणतात, कमी भावाने विकली जातात किंवा रसासाठी जातात. आकाराने लहान असलेले फळ चवीने हलके असतेच असे नाही. प्रतवारीत मात्र त्याची गणना शेवटी होते.

उत्तर भारतात नागपुरी संत्र्याची गाठ किन्नो या फळाशी पडते. एच्. बी. फ्रॉस्ट यांनी कॅलिफोर्नियात ‘किंग’ व ‘विलो लीफ’ यांच्या संकरातून तयार केलेला हा प्रकार १९३५ मध्ये प्रसारित झाला व पुढे पंजाबात रुजला. किन्नोचा रंग गडद व रस भरपूर असतो, घट्ट सालीमुळे तो वाहतुकीत टिकतो. परंतु त्यात बिया पुष्कळ असतात व सोलण्यास तो नागपुरी संत्र्याइतका सोपा नाही. रस काढून विकणाऱ्यास किन्नो सोयीचा, तर हाताने सोलून खाणाऱ्यास नागपुरी संत्रे अधिक आवडते. यूरोप व जपान येथील ग्राहकांना बिनबियांची क्लेमेंटाइन व सात्सुमा यांसारखी फळे सवयीची असल्याने बियांचे फळ तेथे मागे पडते. या कारणास्तव नागपूर येथील संशोधनात बिनबियांच्या किंवा अल्पबीज वाणांच्या निवडीवर भर देण्यात आला आहे. बांगला देशातील ग्राहकाला मात्र बियांची अडचण वाटत नाही. तो देश अनेक वर्षे नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी खरेदीदार होता. तेथे २०१९ नंतर आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले, निर्यात घटली व तो माल देशी बाजारात आल्याने भाव पडले. म्हणजे पसंती कायम असूनही फळ ग्राहकापर्यंत पोहोचू शकले नाही.

रुचिपरीक्षण : आवडनिवड ही व्यक्तिगत असली तरी तिचे मापन करता येते. अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधन संस्थेत पेरियम व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नऊ गुणांची पसंतिश्रेणी तयार केली. तिच्या एका टोकास ‘अत्यंत आवडले’ व दुसऱ्या टोकास ‘अत्यंत नावडले’ अशी मते असतात. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत तीन नमुने देतात. त्यांपैकी दोन सारखे व एक निराळा असतो, तो परीक्षकाने ओळखावयाचा असतो. ताज्या व साठवलेल्या फळांत खरोखर फरक जाणवतो की नाही, हे या ‘त्रिकोणी चाचणी’ने समजते. रंगाचा प्रभाव टाळण्यासाठी परीक्षण रंगीत प्रकाशात करतात किंवा सोललेल्या फोडी देतात. साठवलेल्या फळांच्या बाबतीत केवळ साखर-अम्ल गुणोत्तर पाहिल्यास दिशाभूल होण्याचा संभव असतो. शिळा वास यंत्रावरील आकड्यांत उतरत नाही, तो माणसाच्या नाकालाच कळतो.

उपाययोजना : चव टिकवण्याचे उपाय अवघड नाहीत. रसातील गोडी व अम्लता मोजून तोडणीचा दिवस ठरवणे, फळे कात्रीने काढणे, मार खाल्लेली फळे वेगळी करणे, तोडणीनंतर शक्य तितक्या लवकर थंड करणे व मेणाचा लेप पातळ ठेवणे, हे त्यांतील प्रमुख होत. प्रत्यक्षात अडचण व्यवहाराची आहे. विदर्भात फळे झाडावर असतानाच उभी बाग व्यापाऱ्यास विकण्याची व हजारी फळांवर भाव ठरवण्याची पद्धत आहे. तीत बागाईतदारास संख्येचा मोबदला मिळतो, गोडीचा मिळत नाही. तोडणी केव्हा करावयाची हेही त्याच्या हाती राहत नाही. प्रतवारीत आकार व रंग यांच्या जोडीस रसाचा गुण धरला गेल्यास हे चित्र पालटू शकते. काही देशांत प्रकाशकिरणांच्या साहाय्याने फळ न कापता त्यातील गोडी मोजून प्रतवारी केली जाते. लहान फळांना प्रक्रियाउद्योग हा दुसरा आधार होय. नागपूरच्या मिहान क्षेत्रात २०२५ मध्ये संत्र्यांसारख्या फळांवर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना सुरू झाला. घरगुती व हलवाई पातळीवर संत्र्याच्या गराची बर्फी नागपुरात फार लोकप्रिय आहे; साल मुरंब्यासाठी व तेल काढण्यासाठी वापरतात.